अध्यक्षांचा पगार दुप्पट केला तेव्हा

मी आयुष्यात एकाच माणसाचं वाईट चिंतलं, आणि नुसतं चिंतून थांबले नाही. तो आमच्या युनियनचा अध्यक्ष होता. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे, तर त्याच्याविषयी चार गोड शब्द लिहावेत असं अजूनही वाटत नाही.

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना जिथे शेतं विरळ होतात आणि जंगल अंगावर यायला लागतं, तिथे आमचा लाकूड डेपो होता. आतल्या जंगलातून ट्रकनं सागाचे, बिज्याचे लठ्ठे, म्हणजे ओंडके, यायचे. ते उतरवायचे, जाडी-लांबी बघून थप्प्या लावायच्या आणि लिलाव झाला की व्यापाऱ्याच्या ट्रकवर चढवायचे, हे हमालांचं काम. आम्ही बाया म्हणजे रेजा. आम्ही लठ्ठ्यांची साल सोलायचो आणि जळाऊ लाकडाचे मापात बसतील असे ढीग रचायचो. हाताला डिंक लागायचा, तो रॉकेलशिवाय निघायचा नाही. भाकरीलाही त्याचा वास यायचा.

माझा नवरा हमालांच्या टोळीत होता. एरवी चार शब्द बोलायला लाजणारा माणूस, पण लठ्ठा फळीवरून वर सरकवताना हाळी देऊन सगळ्यांचा जोर एका वेळी लावायचं काम त्याच्याकडे होतं. त्याचा आवाज ऐकला की साल सोलता सोलता माझी कुऱ्हाडही त्याच तालात पडायची. बाया मला त्यावरून चिडवायच्या.

खोटं कशाला बोलू, युनियन आली तेव्हा आमचं भलंच झालं. अध्यक्ष आधी रेशन दुकानात कारकून होता. लाकूड त्यानं कधी उचललं नाही, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याची छाती फुगावी. पहिली मजुरीवाढ त्यानंच मिळवून दिली. डेपोत कोणाला कामावर घ्यायचं ते ठेकेदार ठरवायचा, ते बंद होऊन युनियनच्या टोळ्या लागल्या, तेही त्याच्यामुळेच. तेव्हा तो सायकलवर फिरायचा. आम्ही दर महिन्याला चंदा द्यायचो आणि आनंदानं द्यायचो.

पुढे सायकल गेली आणि जीप आली. बाजाराच्या मागे त्याला पक्कं घर मिळालं, त्याचं भाडं युनियन भरायची. महिन्यातून दोन-तीनदा तो नागपूरला जायचा, तिथे लॉजवर राहायचा, सोबत दोन माणसं असायची. विचारलं तर म्हणायचा, साहेब लोकांना भेटायचं तर साहेबासारखं जावं लागतं. कोणी फार विचारायचं नाही. आमसभेत खजिनदार उभा राहून एवढंच म्हणायचा, "हिशेब बरोबर हाय." आणि लोक टाळ्या वाजवायचे.

एका आमसभेत माझा नवरा उभा राहिला. का उभा राहिला हे मी त्याला नंतर पुष्कळदा विचारलं. तो म्हणाला, सकाळीच एका हमालाचा पाय लठ्ठ्याखाली आला होता, त्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं आणि जीप तर अध्यक्षाच्या दारात उभी होती, ते डोक्यात राहिलं.

"भाऊ," तो म्हणाला, "एक विचारू काय जी? तुमचा पगार किती हाय?"

अध्यक्ष हसला. "काऊन रे? तुले द्यायचा हाय काय?"

सगळे हसले. नवराही थोडं हसला आणि म्हणाला, "आमच्याच चंद्यातून जाते ना जी. म्हून विचारलं."

आता कोणी हसलं नाही. अध्यक्षानं माईक हातात घेतला. आपल्यात ठेकेदाराची माणसं शिरली आहेत, युनियन फोडायची त्यांनी सुपारी घेतली आहे, आणि आज त्यांचं तोंड दिसलं, असं तो बोलायला लागला. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला. ज्या टोळीसाठी माझा नवरा रोज घसा फोडायचा, त्या टोळीतलेच दोघं उठून "माफी माग, माफी माग" म्हणायला लागले. मी बायांमध्ये बसले होते. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. घरी म्हातारी आई, लहान मुलगी, आणि दोघांची मजुरी याच डेपोत. त्यानं दोन्ही कान धरले. तेवढ्यानं भागलं नाही. अध्यक्ष म्हणाला, "वाकून." तो वाकला.

आठवडा झाला नाही तोच त्याला युनियनमधून काढल्याचं मुकादमानं सांगितलं. कान धरायला लावून, वर काढूनही टाकलं. युनियनमधून काढला म्हणजे टोळीत नाव नाही, आणि टोळीत नाव नाही म्हणजे डेपोच्या फाटकातून आत पाऊल नाही. मला मात्र ठेवलं. माझी सदस्य म्हणून पावती वेगळी होती, आणि अध्यक्ष म्हणे मुकादमाला बोलला, "बाईचं काय, राहू दे तिले." त्याला वाटलं असेल, हे उपकार झाले. बाई काय करणार आहे, असंही वाटलं असेल.

गावात दुसरं काम नव्हतं. नवरा भामरागडच्या बाजूला बांबू कटाईला गेला. जंगलात झोपडी घालून राहायचं, दिवसभर बांबू तोडायचा आणि बंडल बांधायचे. उन्हाळा संपायच्या आत परत येतो म्हणाला होता. हिशेबासाठी बांबूच्या ठेकेदारानं त्या लोकांना थांबवून ठेवलं, आणि त्या वर्षी पाणी लवकर लागलं. नद्यांना पूर आला आणि रस्ते बंद झाले. त्या भागात एकदा रस्ता बंद झाला की बंदच. इकडचा निरोप तिकडे जात नाही, तिकडचं माणूस इकडे येत नाही.

त्याच दिवसांत माझी सासू गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि एका दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. शेवटपर्यंत विचारत होती, "माझा पोरगा कुठी हाय वो?" मी म्हणायची, येऊन राह्यले, रस्त्यातच हायेत. आमच्या वस्तीतल्या लोकांनी सगळं केलं. भन्तेजी आले, वंदना झाली. एकुलत्या एका मुलाच्या जागी चुलत दिरानं पुढे होऊन सगळं पार पाडलं. डेपोतल्या चार बाया मजुरी बुडवून आल्या. युनियनकडून कोणी आलं नाही.

युनियनमध्ये मयतीची मदत मिळायची. मी सदस्य होते, चंदा कधी थकवला नव्हता. म्हणून मी अध्यक्षाच्या घरी गेले. तो जीपमध्ये बसत होता. उतरला नाही, काच खाली केली.

"सासू बसत नाई नियमात," तो म्हणाला. "सदस्याचे मायबाप बसतेत, नवरा बसते, लेकरं बसतेत. सासू तुह्या नवऱ्याची माय. तो सदस्य असता तं भेटलं असतं."

"तो सदस्य होता ना जी भाऊ. तुमीच काढलं."

"मंग त्यानं तोंड सांभाळाले पायजे होतं," असं म्हणून त्यानं काच वर केली.

जीप गेली. पावसाचं पाणी रस्त्यावर साचलेलं होतं, ते माझ्या लुगड्यावर उडालं. लोक म्हणतात, अशा वेळी माणूस रडतो. मला रडू आलं नाही. चालत घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती, की याला मी असं बसवीन की याला उठता येणार नाही. कसं, ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याला भाऊ म्हणताना जास्त गोड बोलायला लागले.

नवरा पोळ्याच्या सुमाराला परतला. अर्धा राहिला होता. मलेरियानं डोळे पिवळे पडले होते, कंबरेची हाडं दिसत होती. दारातून आत येता येता त्यानं "माय" अशी हाक मारली, आणि मग आईच्या खाटेच्या जागी रिकामी भिंत बघून तो तसाच उभा राहिला. त्यानंतर तो बराच काळ अगदी गरजेपुरतं बोलायचा. अंगात ताकद आल्यावर बाजारात पोती उचलायला जायचा. तिथे हाळी द्यावी लागत नाही.

मी रोज डेपोत जात होते आणि रोज अध्यक्षाकडे बघत होते. माणसाचा राग धरला की त्याच्याविषयी किती गोष्टी कळतात! तो चहात साखर जास्त घ्यायचा. स्तुती ऐकली की डावी भुवई उचलायचा. बायांशी बोलताना नेहमी थोडा मागे झुकून बोलायचा, जणू आम्ही खाली आणि तो वर. त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं, ते मी शोधत होते. पैसा आवडायचाच. पण पैशाहून जास्त त्याला हे आवडायचं की लोकांनी म्हणावं, भाऊला पैशाचा मोह नाही.

मार्ग सापडला तो आमच्या वस्तीच्या जयंतीच्या बैठकीत. एप्रिलातल्या जयंतीला आम्ही गाण्याचा कार्यक्रम ठेवायचो. गायकाला या वेळी जास्त द्यावं असं एकानं सुचवलं. लगेच दुसऱ्यानं विचारलं, "मागच्या साली किती देलते?" आकडा सगळ्यांसमोर सांगितला गेला, मग वाढ ठरली, मग एक म्हातारी म्हणाली, जेवण आणि गाडीभाडं त्यातच, वरून काही मागायचं नाही. सगळे हो म्हणाले. दर वर्षी असंच व्हायचं, पण त्या वर्षी मी ऐकता ऐकता थांबले. पगार किती हे विचारलं तर माणसाचे कान धरायला लावतात. पण पगार वाढवा म्हटलं तर? वाढवायचा तर आधी किती आहे ते बोलावंच लागतं. आणि वाढवून देणाऱ्याला ठेकेदाराची बाई कोण म्हणेल?

मी हे नवऱ्याला सांगितलं नाही. डेपोतल्या दोन बायांना सांगितलं. एक आमच्यात सगळ्यात वडील, तिला सगळे बाईच म्हणायचे. भोयांच्या घरातली होती. सकाळी तलावावर मासोळी विकून मग डेपोत यायची. दुसरी माझ्याच वयाची, जीभ तिखट. जेवणाच्या सुट्टीत ढिगाच्या सावलीत बसून आम्ही ठरवलं. तिघींनी एकामागून एक उठायचं, कोणी आवाज चढवायचा नाही, शिवी नाही, टोमणा नाही.

वडील बाईनं सगळं ऐकून विचारलं, "अन् त्यानं खरा आकडा सांगतला तं?"

"तं लोक ऐकतीन," मी म्हणाले. "अन् खोटा सांगतला तं त्यालेच तेवढ्यात भागवा लागन."

ती मासोळीच्या टोपलीवर हात आपटून हसली.

आमसभा डेपोच्या मागच्या मैदानात भरली. लिलाव नुकताच झाला होता, मोकळी जागा पुष्कळ होती, लोकही भरपूर आले होते. नवरा अर्थातच नव्हता, त्याला फाटकातून येऊ देत नव्हते. अध्यक्षानं लांबलचक भाषण केलं. मी गरिबांसाठी घर-संसार विसरलो, असं म्हणाला. खजिनदारानं हिशेब बरोबर असल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. मग कोणाला काही बोलायचं आहे का, असं नेहमीप्रमाणे विचारलं, आणि मी उठले.

मला बघून तो सावध झाला. मी हात जोडले.

"भाऊ, तुमी आमच्यासाठी येवढं करून राह्यले. आमा बायांचं म्हणणं हाय का तुमचा पगार वाढवाले पायजे."

त्याची भुवई उचलली गेली. लोकांमध्ये कुजबुज झाली. कोणी तरी "बराबर हाय" म्हणालं. तो मान हलवत म्हणाला, "नाई नाई बाई. मी पैशासाठी इथी नाई."

"ते आमाले माहीत हाय जी. म्हून तं तुमी मांगत नाई. आमालेच द्या लागन."

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे वडील बाई उठली. "माहं अनुमोदन. दुप्पट करा म्हणतो मी. पण आता किती हाय ते सांगा, म्हंजे दुप्पट किती होते ते लिहिता येईन."

सगळं मैदान त्याच्या तोंडाकडे बघायला लागलं. खजिनदार खाली बघत होता. मी अध्यक्षाचं तोंड आजही डोळ्यांसमोर आणू शकते. खरं सांगायचं तर घरभाडं, जीप, ड्रायव्हर, पेट्रोल, नागपूरचं लॉज, सगळं आमच्या चंद्यातून जात होतं, आणि त्याची बेरीज सांगितली असती तर बसलेल्या हमालांचे डोळे फिरले असते. आणि आताच तर तो म्हणाला होता, की पैशासाठी इथे नाही.

"तीनशे," तो म्हणाला. "मानधन घेतो मी. तीनशे रुपये. बस."

टाळ्या वाजल्या. हमालाच्या महिन्याच्या मजुरीपेक्षाही कमी! माझ्या शेजारचा एक म्हातारा "देवमाणूस" म्हणाला. अध्यक्ष हसला. सुटलो, असं त्याला वाटलं.

"तीनशेत कसं भागते भाऊ?" मी म्हणाले. "आमच्या घरी दोघं कमावून भागत नाई. तं ठराव असा लिहा, का आजपासून भाऊले सहाशे. अन् एक अजून लिहा. सहाशेच्या वर युनियनच्या पेटीतून भाऊवर एक रुपया खर्च नाई होणार. घरभाडं, चहा, गाडी, सगळं त्यातच. म्हंजे उद्या कोणी भाऊवर बोट नाई ठेवणार. कोणी ठेकेदाराचा माणूस उठून काई विचारन, तं आमी त्याले हा ठराव दाखवू."

तो मला थांबवायला हात वर करत होता, पण टाळ्या इतक्या झाल्या की त्याचा आवाज आलाच नाही. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "थांबा, थांबा. जीप माह्यासाठी नाई हो. जीप युनियनच्या कामासाठी हाय."

आमची तिसरी उठली, ती तिखट जिभेची. इतकी मऊ बोलली की मीच चकित झाले. "मंग तं झालंच ना जी. जीप युनियनची, तं डेपोच्या फाटकावर ठेवा. कोणाचा पाय गेला, हात गेला, तं दवाखान्यात न्यायले होईन. भाऊचंच नाव निघन."

आता हमालांनी आपणहून हात वर केले. ज्याचा पाय लठ्ठ्याखाली आला होता तो कुबडीवर आला होता, त्यानं तर कुबडीच वर केली. मागे एकच जण ओरडला, "लिहून घ्या!" आणि मग सगळे तेच म्हणायला लागले. सहाशेला नाही म्हणायचं तर का नाही म्हणतो ते सांगावं लागणार होतं. खजिनदारानं ठराव लिहिला. अध्यक्षानं सही केली. सही करताना त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी पुन्हा हात जोडले.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी मासोळी केली. नवऱ्यानं विचारलं, आज काय आहे? मी म्हणाले, अध्यक्षाचा पगार दुप्पट केला. तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग सगळं सांगितलं. तो हसला नाही. "जीप फाटकावर ठेवन तो?" एवढंच त्यानं विचारलं.

ठेवली. काही दिवस टाळाटाळ केली, पण रोज कोणी ना कोणी हमाल विचारायचाच, भाऊ, जीप कुठी हाय? शेवटी ड्रायव्हरनंच ती आणून फाटकाच्या बाजूला कडुनिंबाखाली लावली. पहिल्याच महिन्यात एका रेजाच्या पायावर कुऱ्हाड बसली, तिला जीपमधून नेलं. मी मुद्दाम अध्यक्षाच्या समोरून तिला जीपमध्ये बसवलं.

पुढचे महिने मी चवीनं जगले, असंच म्हणावं लागेल. घरभाडं आता त्याच्या सहाशेतून जायला लागलं. नागपूरच्या वाऱ्या थांबल्या. सोबतची दोन माणसं चहा मिळेनासा झाल्यावर दिसेनाशी झाली. किराणा दुकानात तो उधारी करतो हे मला दुकानदाराच्या बायकोकडून कळलं, तेव्हा मी तिच्याकडून गरज नसताना गूळ घेतला, आणखी काही सांगते का ते बघायला. त्याचे पांढरे कपडे इस्त्रीशिवाय यायला लागले. मी हे सगळं बघायची आणि घरी जाऊन सासूच्या फोटोसमोर उभी राहायची.

त्यानं बदला घ्यायचा प्रयत्न केला. मला साल सोलायच्या कामावरून काढून डेपोच्या टोकाला, उन्हात, एकटीला ढीग रचायला लावलं. दुसऱ्या दिवशी सगळ्याच बाया तिथे ढीग रचायला येऊन उभ्या राहिल्या. सालीचं काम पडून राहिलं. संध्याकाळी मुकादमानं मला परत बोलावलं.

एकदा चंद्रपूरच्या एसटीत तो माझ्या पुढच्या बाकावर होता. गाडी खचाखच भरली होती, त्याच्या मांडीवर कोणाचं तरी बोचकं होतं. बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली.

"तू मले बरबाद केलं, बाई," तो हळू म्हणाला.

"मी तं तुमचा पगार वाढवला, भाऊ."

"इतका राग काऊन धरला? एका सासूसाठी?"

मला तिथेच त्याच्या तोंडावर मारता आलं असतं. मी म्हणाले, "नियमात बसत नाई ते सांगता येत नाई, भाऊ." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्याचा शेवट त्यानंच जवळ आणला. सहाशेत ज्याचं भागत नाही तो दुसरीकडे हात पसरतोच. ट्रक भरण्याच्या ठेकेदाराकडून तो आधीपासूनच थोडं घेत असावा, आता जास्त मागायला लागला. बदल्यात प्रत्येक टोळीतली दोन-दोन माणसं कमी केली, उरलेल्यांनी तेवढ्याच मजुरीत तेवढेच लठ्ठे उचलायचे. लोक कुरकुरत होते. एके दिवशी ट्रक भरताना टोळीनं भाव वाढवून मागितला, तसा तो ठेकेदार भडकला आणि भर डेपोत म्हणाला, "तुमच्या भाऊले मी पोसून राह्यलो, घरभाडं मी भरून राह्यलो, अन् वरून तुमाले भाव पायजे?"

टोळीनं लठ्ठा खाली ठेवला. दुसऱ्या टोळ्यांनीही ठेवले. त्या दिवशी डेपोत एकही ट्रक भरला गेला नाही. अध्यक्ष आला, बोलायला उभा राहिला, पण या वेळी त्याचं बोलणं कोणाच्या छातीपर्यंत पोचलं नाही. ज्या दोघांनी माझ्या नवऱ्याला माफी मागायला लावली होती, तेच आता सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. मी तेही लक्षात ठेवलं आहे.

निवडणुकीत त्याला स्वतःच्या घराजवळच्या मोजक्या लोकांशिवाय कोणी मत दिलं नाही. नवा अध्यक्ष एक जुना हमाल झाला, त्याला एका हमालाच्या मजुरीएवढा पगार ठरला. माझ्या नवऱ्याला परत घेतलं, पण डेपोत नवा माल येईपर्यंत तो बाजारातच हमाली करत होता. बायांनी मला कार्यकारिणीत बसवलं, पुढे मी खजिनदारही झाले. पण तेव्हा माझं लक्ष त्यात नव्हतं. मी वाट बघत होते ती त्याच्या जाण्याची.

तो गेला तो एका रविवारी सकाळी. घर सोडून बायको-मुलांना घेऊन सासुरवाडीला, वर्ध्याकडे कुठेतरी जात होता. ट्रक ठरवला होता आणि सामान चढवायला बाजारातून हमाल बोलावले होते. आमच्यातला कोणी जाणार नाही असं मला वाटलं होतं. मी नुसती बघायला गेले. समोरच्या पानठेल्याजवळ उभी राहिले. कपाट आलं, पलंग आला, मुलांची सायकल आली. आणि कपाटाच्या खालच्या बाजूला खांदा लावलेला माझा नवरा दिसला.

तो हाळी देत होता. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकला! आणि ऐकला तो अध्यक्षाच्या घरातलं कपाट उचलताना. माझ्या अंगाची लाही झाली. मी जागेवरून हलले नाही. नवऱ्यानं सगळं नीट चढवलं, काचेच्या कपाटाला गोणपाट गुंडाळलं, दोर ओढून गाठ मारली. अध्यक्षानं त्याला मजुरी दिली. त्यानं घेतली, खिशात टाकली.

अध्यक्षाची बायको ट्रकच्या पुढच्या केबिनमध्ये बसली होती, मांडीवर लहान मुलगी. तिनं मला बघितलं. मी कोण हे तिला माहीत होतं, तोंडावरून कळत होतं. तरी म्हणाली, "बाई, पोरीले पाणी भेटन काय?" मी पानठेल्यावरून तांब्या घेतला आणि नेऊन दिला. मुलगी प्यायली, बायको प्यायली. अध्यक्ष पलीकडे उभा होता, त्यानं हात पुढे केला. मी तांब्या पालथा केला. उरलेलं पाणी रस्त्यावर गेलं.

परतताना मी पुढे पुढे चालत होते. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "दुसऱ्यायनं कपाट फोडलं असतं वो. पोट्टीचे कपडे होते त्यात."

"तुले कान धराले लावलं त्यानं."

"मले माहीत हाय."

"वाकवलं."

"माहीत हाय म्हणतो ना. मी वाकलो, तूच नाई वाकली. मले माहं काम येते, मी काम केलं. तुले तुहं करायचं होतं, ते तू केलं. मी तुले कधी थांबवलं काय?"

त्यानं थांबवलं नव्हतं, हे खरं होतं. तरी आमच्या घरात तीन-चार दिवस भांडी जोरात आपटली गेली. मग पुढच्या आठवड्यात डेपोत नवा माल आला, तो परत टोळीत उभा राहिला, आणि मला माझ्या जागेवरून त्याचा आवाज येऊ लागला.

काही लोकांनी मला नंतर सांगून बघितलं की तुझ्यामुळे एक माणूस गावातून उठला, त्याचा संसार विस्कटला, मनाला लागत नाही का. माझ्या मनाला लागलेलं ते त्याच्या आधीचं आहे. त्याचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. वर्ध्याकडून कोणी आलं तरी मी विषय काढत नाही.